दुसऱ्या पिंपाची घाण

"बहिरू, ती खिडकी लाव आधी! आणि उदबत्ती पेटव. शाळा आहे का उकिरडा?"

अरिंगळे हेडसर नाकाला रुमाल लावून ऑफिसात उभे होते आणि मी खिडकीच्या मोडक्या कडीशी झटत होतो. सन त्र्याऐंशीचा डिसेंबर. सिन्नरच्या उघड्या माळावरचं गार वारं कानाला झोंबत होतं आणि त्या वाऱ्याबरोबर शाळेच्या मागच्या भिंतीकडून वास येत होता. नुसत्या शेणाचा असता तर आमच्या माळदऱ्यात कुणी नाक धरलं नसतं. आमची घरं शेणानं सारवलेली, आमच्या बायका सकाळी उठून आधी शेणात हात घालतात आणि मग पिठात. हा वास तसा नव्हता. कुजक्या अंड्यांचा, तुंबलेल्या गटाराचा. मी शाळेचा शिपाई, सातवी पास, तेव्हा वय चाळीस. बऱ्यावाईट वासाची मला सवय होती. तरी त्या पिंपांजवळून जाताना मीसुद्धा तोंडावर उपरणं धरायचो आणि पलीकडं जाऊन थुंकायचो. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला त्या पोरीची आणि तिच्या सरांची किळस यायची.

पोरगी म्हणजे चंद्रभागा, कोंडाजी बोडक्याची थोरली. दहावीत होती. आणि सर म्हणजे विज्ञानाचे सावळीराम पगारे, नाशिकच्या बौद्ध वसाहतीत वाढलेले. दोन वर्षांपूर्वी बदलून आले, तेव्हा गावात त्यांना कुणी खोली दिली नाही. कुणी तसं तोंडावर बोललं नाही. एकाकडं पाव्हणे येणार होते, दुसऱ्याच्या खोलीत बी-बियाणं होतं. सर काय समजायचं ते समजले आणि फाट्यावरच्या एका पत्र्याच्या खोलीत राहू लागले. रोज दीड मैल पायी यायचे, पण घंटेच्या आधी वर्गात हजर.

ह्या सरांना एक खूळ होतं. दहावीच्या पोरांना त्यांनी कागद दिले आणि म्हणाले, पुढं काय व्हायचंय ते लिहा. पोरांनी लिहिलं मिलिटरी, पोलीस, कंडक्टर. पोरींनी कागद कोरे दिले. एकट्या चंद्रभागेनं लिहिलं होतं, "ठाऊक नाही, पण यंत्राच्या आत काय असतं ते बघायचं आहे." सरांनी तो कागद मलासुद्धा दाखवला. मग सगळी पोरं येश्टीत घालून ते सातपूरला गेले. बरोबर मी होतो, पोरं मोजायला. तिथं कारखाने पाहिले, आयटीआय पाहिली. लेथवर लोखंडाची साल बटाट्यासारखी उलगडत निघत होती आणि पोरं आ वासून बघत होती. चंद्रभागा वेल्डिंगवाल्यापाशी अडकली. म्हणाली, "ह्यो वायू येतो कुठून? कुनी बनवलाय?" तो बिचारा म्हणाला, टाकीतून येतो. "आन् टाकीत कुठून?" परत येताना सिन्नर येईस्तोवर ती सरांना हेच विचारत होती.

त्यातून ती पिंपं उभी राहिली. पिंपात पाण्यात कालवलेलं शेण, त्यावर पालथा घातलेला मोठा डबा. आत वायू झाला की डबा आपोआप वर उचलायचा. डब्याच्या बुडाला नळी आणि नळीच्या टोकाला मोडक्या स्टोव्हचं बर्नर. थंडीत वायू कमी होतो म्हणून तिनं पिंपांना गोणपाटं गुंडाळली, बाजूनं पाचट रचलं. पहिल्यांदा बर्नर पेटलं तेव्हा निळी ज्योत पाहून पोरं नाचली. मीही पाहिली. शेणाला असा निळा जाळ येतो हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

इथवर सगळं ठीक होतं. बोंब झाली ती दुसऱ्या पिंपावरून. गावात संडास एकच, शाळेतला. सरकारनं बांधून दिलेला. मास्तर मंडळी वापरायची, पोरांना रान मोकळं होतं. चंद्रभागेनं कुठल्याशा पुस्तकात वाचलं, शेणात मैला मिसळला तर वायू जास्त होतो. तिनं सरांना विचारलं, "खरं का?" सर म्हणाले, "करून बघितल्याशिवाय खरं-खोटं कसं कळणार? पण मैल्याचा डबा तू उचलायचा नाहीस. मी उचलीन. तू मोजमाप ठेव." आणि त्यांनी संडासाच्या खड्ड्याचं झाकण काढून डबे भरले, सगळ्या शाळेदेखत, भर दुपारी.

हेडसरांच्या अंगाचा तिळपापड झाला. ऑफिसात बोलावून म्हणाले, "पगारे, ही शाळा आहे. तुम्हाला चालत असेल हे सगळं. आम्हाला नाही चालत."

"आम्हाला म्हणजे कुणाला, सर?"

"शब्दाचा कीस पाडू नका. दुसऱ्याची घाण पोरींच्या समोर..."

"ह्यात दुसऱ्याचं काही नाही, सर," पगारे सर थंडपणे म्हणाले. "आपल्या स्टाफचंच आहे. तुमचंही असेल थोडं. आणि घाणीचं म्हणाल तर माझ्या आज्यानं गावची मेलेली ढोरं ओढली. मला तिची भीती दाखवू नका."

मी दाराशी चहाचे कप घेऊन उभा. हेडसरांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

गावात तर काय, ह्या कानाचं त्या कानाला लागायचा अवकाश. सोसायटीच्या ओट्यावर दुसरा विषय नव्हता. चंद्रभागा शाळेतून घरी गेली की तिची आई, शकुबाई, तिला अंगणातच उभी करायची. डोक्यावर गोमूत्र शिंपडायची, वर घोटभर प्यायला लावायची, मग आंघोळ, मग चुलीला हात. एकदा मी हेडसरांचा निरोप घेऊन गेलो होतो, तेव्हा हे चाललं होतं.

"पी मुकाट्यानं!" शकुबाई म्हणत होती. "कुठं कुठं हात घालून येती सटवी!"

"आई, पिंपातलं माज्या पोटात जात नाय," चंद्रभागा तोंड वाकडं करून म्हणाली. "हे मातर जाऊ राह्यलंय."

मला तेव्हा पोरीचाच राग आला. गोमूत्र ते गोमूत्र, त्याची आणि ह्या घाणीची बरोबरी? घरी येऊन बायकोला म्हणालोसुद्धा, पोरगी हाताबाहेर गेली.

आता ह्यात पणाला काय लागलं होतं, ते सांगतो. कांद्याची लागण चालू होती. पगारे सर मला बरोबर घेऊन कोंडाजीच्या वावरात गेले. कोंडाजी घोटाभर चिखलात उभा, पाणी वळवत होता. शकुबाई आणि चंद्रभागा वाफ्यात वाकून रोपं टोचत होत्या. सर बांधावरून म्हणाले, "कोंडाजीआबा, पोरीचं डोकं चांगलं आहे. दहावी झाली की सातपूरला आयटीआयला घाला तिला."

"सातपूरला?" कोंडाजीनं फावडं टेकवलं. "थितं काय, लोखंड ठोकनार का पोरगी?"

"ठोकेल, जोडेल, तारा ओढेल. मोटर बांधायला शिकेल. तुमची विहिरीवरची मोटर जळाली की सिन्नरहून माणूस यायला आठ दिवस लागतात ना?"

शकुबाई कंबर धरून उभी राहिली. "आन् मंग तिला करील कोन, सर? हाताला घट्टे पडलेली सून कोनाला पायजेल?"

तिच्या स्वतःच्या हाताला विळ्याचे, खुरप्याचे, फावड्याचे घट्टे होते. पोरीच्याही हाताला होते. पण ते घट्टे चालतात. त्यांना कुणी घट्टे म्हणत नाही.

कोंडाजी हट्टी माणूस. पण शब्दाला पक्का, आणि त्याचीच त्याला घमेंड. फावड्यानं पाणी पुढच्या वाफ्याकडं वळवत म्हणाला, "सर, तुमी घरला आला, मोठं मानूस. नाय म्हनवत नाय. आइका मंग. तालुक्याचं इज्ञानाचं परदर्शन औंदा आपल्याच शाळंत हाय ना? हिचा पयला नंबर आला, तर मी सोता हिला येश्टीत बसवून देतो. नाय आला, तर मनमाडचं पाव्हनं हायेत. पोरगा रेल्वेत हाय. उन्हाळ्यात लगीन लावून मोकळा. हाय कबूल?"

"कबूल," सर म्हणाले.

वाफ्यात वाकलेली चंद्रभागा मान वर न करता बापाला म्हणाली, "मला बी कबूल हाय, दादा."

"तुला कुनी इचारलं?" शकुबाई खेकसली.

त्या दिवसापासून ती पोरगी त्या पिंपांना चिकटली. सकाळी शाळेआधी, संध्याकाळी शाळेनंतर. वहीत रेघा मारून लिहायची. पहिल्या पिंपाचा वायू सात मिनिटं जळतो, दुसऱ्याचा अकरा. एकाच मापाची पिंपं, दोन्हींत सारखीच भर, तरी अकरा. ह्या चार मिनिटांवर तिचा सगळा भरवसा होता. सर म्हणायचे, बाकीच्या शाळा कुणाचं तरी वाचून तक्ते रंगवून आणतील. तू स्वतः शोधलेली चार मिनिटं आहेत तुझ्याकडं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पगारे सर सामान आणायला सिन्नरला गेले होते, सकाळच्या गाडीनं येणार होते. पोरी रांगोळ्या काढून घरी गेल्या. सूर्य कलला होता. हेडसरांनी मला मागं नेलं. नाकाला रुमाल होताच.

"बहिरू, उद्या शिक्षण खात्याचे साहेब येणार. चार गावची माणसं येणार. हा वास घेऊन जातील आणि म्हणतील, माळदऱ्याची शाळा म्हणजे संडास. ही पिंपं ओत. दोन्ही. फिनाईलनं धुऊन काढ, आणि ताजं शेण कालवून भर. डबे होते तसे ठेव."

"आन् तिचा परयोग, सर?"

"अरे, शेण म्हणजे शेण! शिळ्यापेक्षा ताजं बरं का वाईट? उलट जास्त पेटेल. मी बी.ए.बी.एड. आहे, मला कळत नाही का?"

मला पटलं. खोटं कशाला बोलू, नुसतं पटलं नाही, आनंद झाला. शिळं ते वाईट, ताजं ते चांगलं, हे मी आईच्या दुधाबरोबर शिकलो होतो. पिंपं ओढत नेऊन शाळेमागच्या लवणात, त्या सखल घळीत, पालथी केली. काळी, फेसाळ, बुडबुडे सोडणारी ती घाण उतारानं वाहत गेली तेव्हा मला ओकारी आली. मग फिनाईलच्या दोन बाटल्या ओतून काथ्यानं पिंपं घासली, एकदा नाही, तीनदा. डबे घासले. नळीसुद्धा फिनाईलमधून काढली. ताजं शेण आणायला गेलो ते नेमका कोंडाजीच्या गोठ्यात, जवळ पडतो म्हणून. पोरगी विहिरीवर गेलेली. शकुबाईनं मला हौसेनं दोन पाट्या भरून दिल्या. म्हणाली, "बरं केलं रं बहिरूभाऊ. ती ब्याद गेली एकदाची." पिंपं भरली, डबे ठेवले, गोणपाटं पुन्हा गुंडाळली. फिनाईलचा दवाखान्यासारखा वास दरवळला. घरी जाऊन मी पोटभर जेवलो.

सकाळी चंद्रभागा सगळ्यांच्या आधी आली. नव्या रिबिनीचा फुगा, धुतलेला गणवेश. मी व्हरांडा झाडत होतो. ती मागं गेली ती परत येईना. म्हणून गेलो. दोन्ही डबे पार तळाला टेकले होते. तिनं पिंपात बोट बुडवलं, नाकाशी नेलं.

"नाना, हे कुनी केलं?"

"म्या. हेडसर म्हनले. बरं झालं का नाय? बघ, वास हाय का आता?" मी अगदी शाबासकी मिळणार अशा थाटात बोललो.

ती रडली नाही. नुसतं विचारलं, "नाना, तुमच्या घरी इरजनाचं मडकं फिनाईलनं धुतलं आन् त्यात ताजं दूध वतलं, तर सकाळी दही लागंल का?"

"नाय लागनार."

"मंग?"

मी आजवर ज्याला घाण म्हणत होतो ते विरजण होतं, आणि मी ते लवणात ओतलं होतं. खाली वाकून हात पाहिले. नखांना फिनाईलचा वास येत होता, स्वच्छ, गोड. मला त्या वासाची शिसारी आली ती आजतागायत.

पगारे सर आले, त्यांनी पाहिलं आणि तडक हेडसरांकडं गेले. आत काय झालं ते सगळं ऐकू आलं नाही. हेडसरांचा आवाज तेवढा आला, "मी शाळेची अब्रू राखली, पगारे! तुम्ही मला शिकवू नका!" सर बाहेर आले आणि चंद्रभागेला म्हणाले, "मागं घ्यायचं का नाव?"

"नाय सर. वही हाय माझ्याकडं."

दहा वाजता साहेब आले. हार, नारळ, भाषणं. हेडसरांनी विज्ञानाचं महत्त्व पाऊण तास सांगितलं. विज्ञानानं माणूस चंद्रावर गेला, खेड्यापाड्यातल्या मुलींनीसुद्धा पुढं आलं पाहिजे, असं म्हणाले. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाजूला उभा होतो. तो तांब्या त्यांच्या डोक्यात घालावा असं वाटलं आणि मग आठवलं की घासणारे हात माझे होते.

परीक्षक तीन होते. त्यांत एक सातपूरचे इन्स्ट्रक्टर, तेलकट नखांचा माणूस. ते पिंपांपाशी थांबले. साहेब जरा लांब उभे राहिले.

"पेटव," इन्स्ट्रक्टर म्हणाले.

"पेटनार नाय, सर."

"का?"

"काल सांजच्याला पिंपं रिकामी करून फिनाईलनं धुतली. वायू करनारे जीव आसत्यात, डोळ्यांनी दिसत नायत. ते मेले. ताज्या शेनात ते थोडे आसत्यात, त्यांना वाढाया टाईम लागतो. उन्हाळ्यात तीन आठवडे, ह्या थंडीत चार."

"धुतली कुणी?"

हेडसरांनी माझ्याकडं पाहिलं. चंद्रभागेनंही पाहिलं. पगारे सरांनीही. मला बोलता आलं असतं. "म्या धुतली, ह्यांनी सांगितलं म्हनून," एवढं एकच वाक्य. मी मान खाली घातली आणि रांगोळीकडं बघत राहिलो. नोकरीपायी माणूस काय काय करतो ते मी त्या दिवशी पाहिलं, आणि दुसऱ्या कुणाचं नाही, माझंच पाहिलं.

"ते म्हाइत नाय," चंद्रभागा म्हणाली. तिनं वही पुढं केली. इन्स्ट्रक्टरांनी पानं उलटली, अकरा मिनिटांवर बोट ठेवून दोन प्रश्न विचारले, तिनं फटाफट उत्तरं दिली. ते साहेबांकडं वळून म्हणाले, "मुलीला समजलंय, साहेब. न पेटण्याचं कारण सांगणारा मला वर्षात एखादाच भेटतो."

साहेब हसले. "छान, छान. पण प्रयोग चालला नाही ना? लोकांना दाखवणार काय?"

पहिला नंबर हेडसरांच्या भाच्याला मिळाला. थर्माकोलचं धरण, त्यात रंगीत दिवे, नाशिकच्या एका पेंटरकडून करून आणलेलं. आयत्या पिठावर रेघोट्या. बटण दाबलं की दिवे लागायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. ते कसे लागतात हे त्या पोराला कुणी विचारलं नाही.

कोंडाजी मागं उभा होता. पगारे सर त्याच्याकडं गेले, सगळं समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. "सर, आलं माज्या ध्यानात. वाईट झालं. पर नंबर आला का?"

"नाही."

"मंग शबुद त्यो शबुद."

धुणाऱ्याचं नाव त्यालाही ठाऊक होतं. शकुबाईनं शेण दिलंच होतं की. पण घरात त्यावर कुणी ब्र काढला नाही.

मार्चात तिची परीक्षा झाली. आयटीआयच्या फॉर्मची चौकशी सरांनी करून ठेवली होती. पण कोंडाजीनं मनमाडला निरोप धाडला आणि एप्रिलात पाव्हणे आले. मी नेमका फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर होतो. येश्टीतून उतरली दोघं. मुलाचा बाप मल्हारी, डोक्याला तांबडा फेटा, आणि आई रंगूबाई, नाकात नथ, तोंडात तंबाखूची गोळी. मुलगा ड्युटीवर होता. पसंती आई-बापांनी करायची होती.

"ओ भाऊ, कोंडाजी बोडक्याचं घर कंच्या अंगाला?"

मला काय झालं सांगता येत नाही. चार महिने मला नीट झोप नव्हती. मी उठलो, त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "चला, मी तिकडंच चाललोय. पोरगी बघाया आलासा जनू?"

"व्हय," रंगूबाई म्हणाली. "कशी हाय पोरगी?"

"पोरगी हुशार, बाई. लय हुशार. आख्ख्या तालुक्यात असं काम कुनी केलं नाय."

"कसलं काम?"

"आता तुमी घरचीच मानसं व्हनार, तुमच्यापासून काय लपवायचं?" मी आवाज खाली आणला. "शाळंच्या संडासातलं काढून पिंपात भरायची. त्याचा गॅस करायची. त्याच्यावर च्या."

रंगूबाई जागीच थांबली. "काय बोलू राह्यले तुमी!"

"आईची आन! हात कोपरापोतर आत. आंबलं का नाय ते बघाया बोट बुडवायची आन्..." इथं मी थोडा थांबलो. "आन् जिभंला लावायची."

डबे तर सरांनी भरले होते, आणि हे शेवटचं साफ खोटं होतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात घाण खोटं, आणि ते मी चालता चालता, उन्हात, घाम पुसत बोललो. रंगूबाई रस्त्याच्या कडेला पचकन थुंकली. मल्हारी म्हणाला, "आता आलोच हाय तर जाऊन येऊ. लोकं काय म्हनतील?"

कोंडाजीच्या ओसरीवर सतरंजी घातली होती. मी पिशवी ठेवून दाराच्या चौकटीशीच रेंगाळलो. चंद्रभागा डोक्यावर पदर घेऊन चहा घेऊन आली. रंगूबाईनं कपाकडं पाहिलं, हात लावला नाही.

"ह्यो च्या कशावर केला, शकुबाई?"

"चुलीवर की. आजून कशावर?"

"आन् केला कुनी?"

"आमच्या चंद्रभागानंच. सगळं येतं तिला."

रंगूबाईनं तंबाखू गालात सरकवली. "पोरी, मी एक आइकलं, खरं का खोटं? तू म्हनं शाळंच्या संडासातलं काढून त्याचा जाळ करायची?"

शकुबाईचा चेहरा पांढरा पडला. ती घाईनं म्हणाली, "न्हाय वो, ते शाळंतलं काय तरी..."

"व्हय, केला म्या," चंद्रभागा म्हणाली.

"आन् बोटानं चाखायची?"

पोरीनं मान वर केली. तिची नजर रंगूबाईच्या खांद्यावरून थेट दारात, माझ्यावर आली. तिला कळलं. नाही म्हणायला एक क्षण पुरे होता. तिनं ट्रे खाली ठेवला.

"आकरा मिन्टं जळायचा," ती म्हणाली. "नुस्त्या शेनाचा सातच मिन्टं."

रंगूबाई उठली. मल्हारी उठला. चारही कप तसेच राहिले, वर साय धरली. जाताना रंगूबाई अंगणातल्या रांजणापाशी थांबली आणि पाणी न घेता नुसत्या मातीनं हात चोळले.

कोंडाजी तोंडाला येईल ते बोलला. पोरीला, बायकोला, शाळेला, पगारे सरांच्या जातीला. ते मी इथं लिहीत नाही, मला अजून त्याची घृणा येते. महिन्याभरात बातमी मनमाडपासून संगमनेरापर्यंत सगळ्या सोयऱ्यांत गेली. आणखी एक स्थळ येणार होतं, ते आलंच नाही. जूनमध्ये निकाल लागला, चंद्रभागा पास झाली. कोंडाजी स्वतः फाट्यावर सरांच्या खोलीवर गेला. दोन वर्षांत पहिल्यांदा गावचं कुणी त्या खोलीची पायरी चढलं होतं.

"न्या हिला तुमच्या सातपूरला," तो म्हणाला. "आता हिला कोन करनार हाय?"

शाळेत हुशार होती म्हणून नाही. चार मिनिटं शोधली म्हणून नाही. शब्द दिला म्हणून तर नाहीच. कुणी पदरात घेईना म्हणून पोरगी शिकायला निघाली, आणि गाव म्हणालं, बोडक्यानं ब्याद घालवली. मला ह्या गावाची किळस आली ती तेव्हापासून, आणि मी त्याच गावचा आहे.

तिला इलेक्ट्रिशियनला प्रवेश मिळाला. एका नातेवाईक बाईकडं नाशिकला राहायची सोय सरांनीच लावून दिली. ज्या दिवशी ती निघाली त्या दिवशी बाप वावरात होता. शकुबाई फाट्यापर्यंत आली आणि पदरानं डोळे पुसत बाजूला उभी राहिली. पत्र्याची पेटी मी डोक्यावरून आणली होती. गाडीची धूळ लांबून दिसायला लागली तेव्हा चंद्रभागा माझ्याजवळ आली.

"नाना, त्या मनमाडवाल्यांना तुमी सांगितलं ना?"

"व्हय."

"बोट चाखायचं बी तुमीच?"

"व्हय. ते वरचं. तुला वाचवावं म्हनून..."

वाटलं, आता पोरगी पाया पडेल, निदान हसेल. मी इतके महिने ज्याचं ओझं वागवलं ते उतरेल.

"तवा परदर्शनात साहेबांनी इचारलं, पिंपं धुतली कुनी," ती हळू म्हणाली. "तितं एक शबुद खरा बोलला आसता, तर पाव्हन्यांशी इतकं खोटं बोलावं लागलं नसतं."

गाडी थांबली. कंडक्टरनं पेटी टपावर टाकायला सांगितली. मी शिडीवर चढून ती नीट बांधली, दोरीला दुहेरी गाठ मारली आणि खाली उतरलो. ती खिडकीशी बसली होती, आईकडं बघत हात हलवत होती.